पारा घरी नेऊन जाळ

"मेंढरं राखायला पाठवा हिला. तिथं हिचं बरं चालेल."

असं म्हणत बाईंनी माज्या पोरीची वही वर धरली. पालकसभा होती, सगळ्या आया वर्गात बसलेल्या. वहीत नुसत्या रेघोट्या. पोरगी आठ वर्साची, दुसरीला हाय. पण 'क' काढताना हात कापतो, पेन्सिल निसटती. काल शिकवलेलं आज आठवत न्हाय. पुढच्या बाकावरची एक आई हासली. मग दोघी-तिघी हासल्या. त्यांच्याकडं बघून माजी पोरगी पण हासली. तिला वाटलं, कायतरी चांगलं झालंय.

बाई एवढ्यावर थांबल्या न्हाईत. "यांच्या रक्तात मेहनत असते हो. डोकं कुठून येणार?"

मी मान खाली घातली. माज्या माहेरी, सांगोल्याकडं, मेंढरं हायत हे खरं. पण मेंढरं राखायला डोकं लागत न्हाय, हे कुणी सांगितलं ह्या बाईला? माजा बाप कळपातलं एकेक मेंढरू तोंडावरनं वळकायचा. ह्यांना वर्गातल्या पोरांची नावं धड येत न्हाईत. हे सगळं तितंच बोलायला पायजे होतं. पण वही घेतली, पोरीचा हात धरला आन घरी आले. लई दमले होते. अपमान गिळायची पण सवय लागती माणसाला.

मी सराफाच्या दुकानात कामाला होते. सोनार जितं बसतात तितली माती, राख, चटईखालचा कचरा गोळा करायचा आन धुवायचा. त्यात सोन्याचे कण असतात, पण ते हाताला लागत न्हाईत. म्हणून परातीत पारा ओतायचा आन त्या मातीत तळव्यानं मळायचा. पारा सोन्याला धरतो. मग फडक्यातनं पिळायचं, राहील तो गोळा विस्तवावर ठेवायचा. पारा उडून जातो, सोनं मागं राहतं. सोनं शेठकडं जायचं. उडालेला पारा कुटं गेला, हे कुणी विचारायचं न्हाय. त्याला ना वास, ना रंग. आमच्या घरात, चुलीवर, पोरगी मांडीवर घेऊन मी हे केलंय.

सासू पाऱ्याच्या बरणीला नमस्कार करायची. महादेवाचं हाय म्हणायची. आन पोरगी रडायला लागली की मी बशीत दोन थेंब टाकून तिच्याफुडं ठेवायची. चांदीच्या गोळ्या हिकडं तिकडं पळायच्या, ती बोटानं धरायला बघायची, खुदुखुदू हासायची. माज्या हातानं दिलंय मी ते. 

पोरगी उशिरा चालली, उशिरा बोलली. होईल की, काय पोरं मागनं बोलतात, असं सगळे म्हणायचे. अंगारे झाले, नवस झाले. सभेच्या दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई तरणीच होती. तिनं पोरीला ठोकळे रचायला दिले, बोट नाकाला लावायला सांगितलं. मग माज्याकडं वळून म्हणाली, "तुम्ही काम काय करता? घरी करता की बाहेर?"

आठ वर्सांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं. ती लिहायची थांबली.

"पाऱ्याची वाफ दिसत नाही," ती म्हणाली. "आईच्या श्वासातून पोटातल्या बाळापर्यंत जाते. मेंदू घडत असतो, तेव्हाच त्याचं नुकसान करते. जन्मल्यानंतरही करते. हिचं त्यामुळंच झालंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, तपासण्या करू. पण घरात पारा नको. आजपासून."

"मग बरी होईल?"

"शिकवलं तर शिकेल. सावकाश. झालेलं सगळं भरून येईल असं मात्र नाही."

माजा नवरा कारखान्यात टॉवेल विणतो. ताण्यातला उभा धागाच तुटला तर फुडं कितीबी चांगलं विणा, ती रेघ कापडात राहती. मला तेवढं कळलं.

दवाखान्याच्या बाकावर बसले आन मला आठवलं. मला सातवा महिना होता. तवर आमी पारा दुकानाच्या मागं जाळायचो. शेठचं घर वरच्या मजल्यावर. एक दिवस शेठ म्हणाले, "सूनबाई पोटुशी आहे. उद्यापासून इथं पारा जाळायचा नाही. घरी नेऊन जाळ."

माजं एवढं मोठं पोट. त्यांच्या समोर उभी मी. आन मी काय म्हणले? "व्हय शेठ, बरं झालं. घरी सोयीचं पडतं की." हासून म्हणले!

म्हणजे शेठला ठाऊक होतं. पुरतं ठाऊक होतं. बाईंचं बोलणं मला त्यापुढं कायच वाटंना. शेठनं माज्या पोटाकडं बघून न बघितल्यासारखं केलं, आन मी ते आठ वर्सं उपकार समजून बसले.

तशीच दुकानात गेले. शेठचा नातू, माज्या पोरीच्याच वयाचा, बापाशेजारी बसून धडाधडा पाढे म्हणत होता. गुणी पोरगं हाय, त्याचा काय दोष? पण माजं काळीज फाटलं.

"शेठ, तवा तुमाला ठाऊक होतं न्हवं?"

"अगं, आमची सून नाजूक. तुम्हा लोकांना सवय असते."

"माज्या पोटातल्या लेकराला कसली सवय होती, शेठ?"

शेठनं मान फिरवली. "डोकं खाऊ नको. तुला काम नको असेल तर तुझी जाऊ विचारत होती."

धाकटी जाऊ. तिला पाचवा लागलेला. दोन दिसांनी ती बरणी घेऊन घरात आली, चूल पेटवायला बसली. मी तिच्या हातातनं बरणी घेतली.

"अक्का, मी दाराबाहेर जाळते की," ती म्हणाली.

"बाहेर जाळलं तरी नाक तुजंच हाय न्हवं?"

सासू खवळली. "तुजं काम घालवलंस, आता तिचं बी घालव! आमच्या येळंला असलं काय नव्हतं."

"होतं, आत्या. कुणी सांगितलं न्हाय."

नवरा म्हणाला, गटारात ओत. ते गटार फुडं गल्लीतनं जातं, तितं पोरं खेळतात. मी झाकण घट्ट लावलं, बरणी दुकानात नेली आन गिऱ्हाइकांच्या देखत शेठच्या काचेच्या टेबलावर ठेवली. म्हणले, "तुमचा पारा. आमच्या घरात आता हे पेटणार न्हाय." शेठ ओरडत राहिले. मी पायऱ्या उतरले.

आता मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलचे काठ शिवते. जावंला बी तितंच लावलंय. सांजच्याला पोरीला अक्षरं गिरवायला बसवते. एक अक्षर आठवडाभर चालतं, कधी मीच पेंगते. सासू माज्याशी बोलत न्हाय. शेठनं दोनदा निरोप धाडला, घरबसल्या काम हाय म्हणून.

फुडच्या महिन्यात जावंला सहावा लागंल. आमच्या चुलीवर भाकरी भाजंल, कालवण शिजंल. तिसरं काय कुणी ठेवलं तर त्याचा हात मोडीन. मग तो शेठचा असू दे न्हायतर माज्या सासूचा.