हेल्मेटवरचा हात

अल्व्हिन पेटवेला टोलेडोत फारसं कुणी ओळखत नाही. संघाच्या फोटोत तो मागच्या रांगेत असतो आणि दरवर्षी कुणाच्या तरी खांद्याआड अर्धा झाकला जातो. एकोणीस वर्षं तो टोलेडो ग्लेझियर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या रनिंग बॅकना शिकवतोय. रनिंग बॅक म्हणजे चेंडू छातीशी कवटाळून समोरच्या अकरा दांडग्यांच्या अंगावर धावत जाणारा गडी. शहाणा माणूस जिथून काढता पाय घेईल, तिथंच याला मुंडी खाली घालून शिरायचं असतं. पडायचं, उठायचं, पुन्हा शिरायचं. एका रविवारी वीस-पंचवीस वेळा.

अशा पोरांना एकविसाव्या वर्षी कॉलेजातून उचलायचं, चार वर्षं चिपाड होईपर्यंत पिळायचं आणि मोठा करार द्यायची वेळ आली की दार दाखवायचं, ही या धंद्याची रीत. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक चाळिशीपर्यंत राजासारखा मिरवतो. त्याला जरा जोरात धक्का लागला तरी पंच धावत येतात. रनिंग बॅकच्या गुडघ्यांसाठी कुणी धावत आलेलं पेटवेनं पाहिलं नाही. त्याच्या खोलीत पाच खुर्च्या आहेत. एकोणीस वर्षांत त्या खुर्च्यांवर कोण कोण बसून गेलं याची यादी त्यानं केली नाही, कारण करायला बसला असता तर नोकरी सोडावी लागली असती. आणि नोकरी सोडायची त्याची छाती नव्हती, हेही सांगून टाकलेलं बरं.

तो स्वतः अशाच खुर्चीतून गेलेला. चोविसाव्या वर्षी दक्षिणेतल्या एका संघात तो पहिल्या पसंतीचा गडी होता. एका सामन्यात दम लागला म्हणून त्यानं हेल्मेटवर दोनदा थाप मारली. 'मला एक डाव बाहेर काढा' एवढाच त्या खुणेचा अर्थ. त्याच्या जागी आत गेलेलं पोर पहिल्याच धावेत साठ यार्ड पळालं. पेटवे त्या दिवशी बाकावर बसला तो बसलाच. त्या पोराला दोष देण्यासारखं काही नव्हतं, म्हणून राग जास्त.

तेव्हापासून खोलीत नव्यानं आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी तो तेच सांगतो. "हेल्मेट डोकं वाचवायला दिलंय, थापट्या मारायला नाही. ज्यानं हात लावला त्यानं जागा सोडली. कळलं का रे?" पोरं हसतात. पंधरा दिवसांनी हसत नाहीत.

कॉर्टेझ ग्रीर तर पहिल्या दिवशीही हसला नव्हता. मिसिसिपीतल्या एका छोट्या गावातलं हे पोर पेटवेला कॉलेजच्या मैदानावर दिसलं आणि तो भाळला. ड्राफ्टच्या आधी, म्हणजे सगळे संघ कॉलेजची पोरं वाटून घेतात त्याच्या आधी, तो ग्रीरच्या घरी जाऊन आला. आई व्हर्लीन शाळेच्या भटारखान्यात कामाला. तिनं तळलेला मासा आणि मक्याचा पाव पुढं केला आणि समोर ठाण मांडून बसली.

"कोच, गोड बोलू नका. तुमच्या हातात खरंच काही असतं का?"

"कुणी मैदानात जायचं आणि कुणी बाहेर यायचं, एवढं असतं, बाई."

"मग पुरे झालं. याला स्वतःला थांबता येत नाही. तुम्ही थांबवाल?"

"थांबवीन," पेटवे म्हणाला, आणि त्या क्षणी तो मनापासूनच बोलत होता.

निवडीच्या खोलीत जनरल मॅनेजर डेल हफनरनं नाक मुरडलं. "रनिंग बॅक काय रे अल्व्हिन, झाडाला लागतात. दुसऱ्या फेरीत कशाला घेऊ?"

"घेऊन बघ. चार वर्षं तुला दुसरा शोधावा लागणार नाही."

"चार चालतील. पाचव्याचं मला सांगू नकोस म्हणजे झालं!"

सगळी खोली खदखदून हसली. पेटवेही हसला. पोर हवं होतं, म्हणून हसला. तेवढ्या हसण्याची त्याला आजही शरम वाटते.

ग्रीरनं तीन वर्षं ओझं वाहिलं. हेल्मेटला हात लावला नाही. चौथ्या हंगामाच्या आधी त्यानं नव्या कराराचं विचारलं, तेव्हा हफनर म्हणाला, हंगाम संपू दे. मग त्यानं पेटवेला बोलावून घेतलं. "यंदा त्याला मनसोक्त पळव. पुढच्या वर्षी ती दुसऱ्याची डोकेदुखी."

पेटवेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं जाऊन ते जसंच्या तसं ग्रीरला सांगितलं.

"मग दुसरे घेतील," ग्रीर म्हणाला. "तुम्ही फक्त चेंडू मला द्या, कोच. माझी धाव सगळ्या संघांना दिसली पाहिजे. एकदा मोठा करार झाला की आईला त्या भट्टीपुढून उठवतो."

म्हणजे धावाही भरपूर व्हायला हव्या होत्या आणि गुडघेही शाबूत राहायला हवे होते. हे दोन्ही एकदम होत नाही, हे पेटवेइतकं कुणाला ठाऊक? तरी त्यानं मान डोलावली. नाताळपर्यंत पोर निभावेल, मग कुणीतरी करार देईल, मग आपण सुटलो. सुटलो, असाच शब्द त्याच्या मनात आला होता.

डिसेंबरातला सामना. हंगामाचे दोनच सामने उरलेले. ग्लेझियर्स सतरा गुणांनी पुढं, शेवटची दहा मिनिटं. सामना संपल्यात जमा होता. प्रेक्षक गाड्या काढायला उठले होते. ग्रीर चोविसाव्यांदा पडला आणि मांडीवर हात टेकून सावकाश उठला. पेटवेच्या शेजारी एम्स नावाचा राखीव गडी हेल्मेट घालून तयार उभा होता.

"कोच, जाऊ का?"

"थांब जरा."

ग्रीरनं मैदानाच्या कडेला, थेट पेटवेकडे पाहिलं. त्याचा उजवा हात वर गेला. हेल्मेटपर्यंत पोचला, कानाशी थबकला, आणि मग त्यानं हनुवटीचा पट्टा ओढल्यासारखं केलं.

हेडफोनमध्ये मुख्य कोचचा आवाज आला. "अल, ग्रीर ठीक आहे ना? काढायचा का बाहेर?"

पेटवेकडे एका श्वासाचा वेळ होता. त्या एका श्वासात त्याला ग्रीरचा गुडघा नाही दिसला. एम्स दिसला, मोकळ्या मैदानात साठ यार्ड पळणारा. उद्या सगळे म्हणतील, टोलेडोत कुणीही पळतं, ग्रीरचं काय मोठंसं? मग कोण देणार त्याला करार?

"ठीक आहे," तो म्हणाला. "नसता तर त्यानं खूण केली असती."

पुढचा डाव अगदी साधा होता. ग्रीर शिरला, ढीग झाला, पंचानं शिट्टी मारली. ढीग एकेक करून उठला. ग्रीर उठला नाही. त्याचा डावा पाय भलत्याच दिशेला पडला होता.

चालता येईल, डॉक्टर म्हणाले. धावण्याबद्दल विचारलं तर ते कागद चाळायला लागले. मार्चमध्ये करार संपला आणि एकाही संघाचा फोन आला नाही. ग्लेझियर्सनं आभाराच्या चार ओळी छापल्या. हफनरला तेवढ्यात गंमत सुचली. "वाईट झालं खरं. पण तुझं चार वर्षांचं गणित कसं बरोबर निघालं बघ! आता ड्राफ्टला महिना उरलाय, दोन पोरं बघून ये." पेटवे त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारेल असं कुणाला वाटेल. त्यानं विमानाची तिकिटं काढली.

पेटवे निघायच्या आदल्या दिवशी सकाळी ग्रीर लॉकर रिकामा करायला आला. कुबड्या, आणि हातात कचऱ्याची काळी पिशवी. या संघातून जाणारा प्रत्येक जण आपलं सामान त्याच पिशवीत भरून नेतो. व्हर्लीन सोबत आली होती. ती दाराबाहेर खोकी गाडीत ठेवत होती.

"तुमचं लक्ष होतं," ग्रीर वर न बघता म्हणाला.

"होतं."

"माझा हात वर गेलेला दिसला तुम्हाला."

"दिसला. पण तू पट्टा ओढलास."

"कोच, हात अर्ध्यावरून वळवायला चार वर्षं कोण शिकवत होतं मला?"

पेटवेला वाटत होतं, पोरानं आता शिव्या घालाव्यात, कुबडी उगारावी, म्हणजे बरं वाटेल. ग्रीरनं तेवढंही सुख त्याला दिलं नाही.

"मी आईला सांगितलंय, तुम्ही मला बाहेर बोलवत होतात. मीच ऐकलं नाही."

"असं का सांगितलंस?"

"तुमच्यासाठी नाही. तुमच्या शब्दावर तिनं मला पाठवलं होतं. तो शब्द खोटा होता हे तिला कळलं, तर ती स्वतःलाच खात बसेल. तेव्हा आता तुम्ही ते निभावा."

तेवढ्यात व्हर्लीन आत आली. कोट न काढताच ती पेटवेसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. रोज मोठी पातेली घासून खरखरीत झालेले हात होते ते.

"कोच, मला सगळं सांगितलंय त्यानं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. लहानपणापासून असाच आहे हा, हट्टी. जेवायला बोलावलं तरी येत नसे. तुम्ही तरी किती हाका मारणार?"

ग्रीर खाली वाकून पिशवीत बूट कोंबत होता. त्यानं मान वर केली नाही.

"खूप मारल्या, बाई," पेटवे म्हणाला.