सुमनने घेतलेले ठसे

सुमन गेल्याचा निरोप तिच्या भावाने आणला, तेव्हा डोळ्यांत पाणी येण्याआधी माझ्या मनात आलं, हा आजाराचं नाव नीट का सांगत नाही? काही लपवतोय का? दीड महिना झाला, पण त्या विचाराची लाज अजून जात नाही. संशय हा माझा स्वभावच. दूधवाल्यासमोर दूध हुंगून घेणारी बाई मी. पण सुमनच्या बाबतीत तो नुसता स्वभाव नव्हता...

आणीबाणी उठली त्या वर्षी, मी शिकवायचे त्या मुलींच्या शाळेत ती खेळाची शिक्षिका म्हणून आली. हंगेरीतल्या विद्यापीठात चार वर्षं शारीरिक शिक्षण शिकून. नाशिकात तेव्हा पीटी म्हणजे शिट्टी आणि कवायत. त्यासाठी परदेशी कशाला जायला हवं, हेच आम्हा शिक्षिकांना कळेना. नाशिकरोडच्या वसाहतीतली मुलगी, वडील छापखान्यात कामगार, घरात बुद्धाची तसबीर. ‘हिला कोणी पाठवलं असेल?’ असं आम्ही चहा पिता पिता एकमेकींना विचारायचो. सरकारी शिष्यवृत्ती, हे उत्तर तिने दहादा दिलं होतं. तिचं प्रमाणपत्र मी खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिलं. अक्षरं इंग्रजीसारखी, पण एक शब्द लागेल तर शपथ. तिने भाषांतर करून दिलं, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, “स्वतःच्या कागदाचं भाषांतर स्वतःच केलेलं कसं चालेल?” मी मान डोलावली. तिचं आडनाव वेगळं असतं तर मी तो कागद उजेडात धरला असता का? नसता धरला.

त्यात ती धड कवायतही घेईना. मुलींना परातीतल्या पाण्यात पाय बुडवायला लावायची, मग जुन्या वर्तमानपत्रावर उभं करायची, आणि ओल्या ठशाभोवती पेन्सिल फिरवून वर नाव लिहायची. ‘ही पीटीची बाई की ज्योतिषी?’ असं मीच म्हणाले होते, आणि सगळ्या खो खो हसल्या होत्या. एकदा मधल्या सुट्टीत तिने मला तो गठ्ठा उलगडून दाखवला. “हे बघ कुंदा, हिच्या तळव्याला कमानच नाही. धावली की गुडघे दुखतात, आणि आपण तिला आळशी म्हणतो.” मला एका मिनिटात समजलं. नववीला हाडांचा धडा शिकवणारी मी, न समजायला काय झालं? पण तोंडाने फक्त “असं होय,” म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात सायखेड्याहून एका मुलीची आई आली. मुलगी इथे मामाकडे राहून शिकत होती. आईच्या आवाजाने व्हरांडा भरला. “माझ्या पोरीच्या पावलाचा ठसा कशाला घेतला? वर नावबी लिव्हलंय! करणी करायला पायाखालची माती नेत्यात, ठाऊक हाय मला. ही बाई परदेशातून हेच शिकून आली का?” तिला काय बोलणार, ती बिचारी खरंच घाबरली होती. आम्ही मात्र शिकलेल्या होतो. संस्थेची बैठक बसली. सुमनला नोकरीत कायम करायचं की नाही, ते त्याच बैठकीत ठरायचं होतं. तिने शांतपणे सगळं सांगितलं, आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेषही हलेना, तेव्हा माझ्याकडे वळली. “कुंदाबाई, तुम्ही विज्ञान शिकवता. यात काही वावगं आहे का, सांगा ना.” सगळे माझ्याकडे बघू लागले. मी पदर सारखा केला आणि म्हणाले, “तो माझा विषय नाही.”

तिला कायम केलं नाही. ती सुरगाण्याकडच्या एका आश्रमशाळेत गेली आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली. अधूनमधून कार्ड यायचं. ‘इथल्या पोरी अनवाणी डोंगर चढतात. काय कमानी आहेत एकेकीच्या!’ तक्रार एकही नसायची, आणि मला त्याचाच संशय यायचा. मनात ठेवून असेल, एक दिवस काढेल.

गेल्या दिवाळीआधी औषधपाण्यासाठी नाशिकला आली, तेव्हा घरी आली. फार वाळली होती. चहा अर्धा ठेवून म्हणाली, “एक विचारू? त्या दिवशी बैठकीत... तुला खरंच कळलं नव्हतं का गं?”

दहा वर्षांनी खरं बोलायची संधी आपल्या पायांनी घरी आली होती. “नाही गं,” मी म्हणाले.

ती हसली. अगदी मोकळी हसली. “बरं झालं विचारलं. मला इतकी वर्षं उगाच तुझा संशय येत होता.”

आता न्हाणीतून बाहेर आले की शहाबादी फरशीवर माझी पावलं उमटतात. पूर्वी चटकन पुसून घ्यायचे, कुणी घसरेल म्हणून. हल्ली वाकून बघत उभी राहते. उजव्या तळव्याची कमान बरी आहे, डावी बसत चालली आहे. हे मला कळतं, सुमन. तेव्हाही कळत होतं.