मंगळवारची नोंद

आमच्या बियाण्यांच्या कंपनीचं मुख्य ऑफिस अकोल्याला, आणि मी अमरावतीहून काम पाहायची. एक दिवस फर्मान आलं की ऑफिसचा मेल, नंबर, कॅलेंडर सगळं ज्याने त्याने आपल्या मोबाईलवर घ्यावं. मी घेतलं. तेव्हापासून फोन माझा राहिलाच नाही. भाजी चिरतानाही तो मीटिंगची आठवण करून द्यायचा.

त्याच सुमारास बाबांचं डायलिसिस सुरू झालं, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. ऑफिसात मी सांगितलं नाही. बाईमाणसाच्या घरच्या अडचणी कामाच्या आड येतात, हे ऐकायचं नव्हतं. "अंजनगावला डीलरकडे आहे," असं सांगून मी दवाखान्याच्या बाकावर बसून मेलना उत्तरं द्यायची. नोंद तेवढी फोनच्या कॅलेंडरमध्ये करून ठेवायची: 'बाबा, डायलिसिस, ब्लँकेट नेणे.'

तीन-चार महिन्यांनी अकोल्याला बैठक होती. साहेबांनी भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांचं कॅलेंडर उघडलं. माझ्या नावापुढे माझंच ब्लँकेट. साहेबांनी घाईने पुढचा आठवडा लावला, तर तिथेही तेच.

जेवणाच्या सुट्टीत हिशेब विभागातल्या ताईंनी मला बाजूला घेतलं. "आमाले पह्यलेपासूनच मालूम हाये न. तू सांगत नव्हती, म्हनून आमी इचारलं नाही."

मंगळवारी-शुक्रवारी मला कधीच कोणी बैठकीला का बोलावत नव्हतं, ते तेव्हा कळलं. बरं वाटायला हवं होतं. पण इतके दिवस खोटं बोलण्यात घालवलेली ताकद आठवून नुसता थकवा आला.

घरी येताना बसमध्येच मी खटपट करून त्या नोंदी ऑफिसच्या कॅलेंडरमधून काढल्या आणि फक्त मला दिसतील अशा केल्या. दोन आठवड्यांनी मंगळवारी सकाळी दहाची बैठक लागली. मी साहेबांना फोन केला.

"सर, मंगळवारी नाही जमणार. बाबांचं डायलिसिस असतं." हे वाक्य मी ऑफिसातल्या माणसाला पहिल्यांदाच म्हणत होते.

साहेब हळूच म्हणाले, "कॅलेंडरवर बाबांचं काही दिसलं नाही, तं मले वाटलं... कसं इचारू, समजून नाही राह्यलं होतं."

"बाबा आहेत अजून, सर," मी म्हटलं.

"बरं बरं. बुधवारी घेऊ मंग."