मुठीला प्लॅस्टिकची पट्टी

झाडायचा फडा माझ्या टेबलावर येऊन पडला आणि मी हसलो. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. फडा कुणी भिरकावला ते ऑफिसात सगळ्यांनी पाहिलं. मी हसलो, हे लक्षात राहिलं ते फक्त माझ्या.

क्रांती चौकाजवळ आमचं सरकारी कार्यालय होतं. मी भांडार शाखेत कारकून. कागद, फिनेल, बादल्या, खुर्च्या, झाडायचे फडे, सरकारला जे लागेल ते विकत घ्यायची शाखा. शाखेच्या अधिकाऱ्यांना सगळे नाना म्हणायचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या लेखणी. आवाज मऊ. कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही. मसुदा कसा लिहायचा, टिपणी कुठं थांबवायची, हे मला त्यांनीच शिकवलं. म्हणून तर जास्त लागलं.

त्या दिवशी त्यांच्यासमोर एक पुरवठादार बसला होता. नानांनी त्याच्या पिशवीतला फडा काढला आणि लांबूनच माझ्याकडं फेकला. धूळ शर्टावर उडाली.

"घ्या. याचं वर्णन तुम्हीच लिहा. तुमच्या घरचाच विषय आहे."

पुरवठादार बशीतला चहा ओढत म्हणाला, "वा नाना! मास्टर तर घरातच बसवलाय तुम्ही!"

शाखा हसली. शिपाई हसला. मीही हसलो.

माझी जात मी ऑफिसात कधी सांगितली नव्हती. सांगावी लागत नाही. फडा म्हटलं की लोकांना कळतं. खुलताबादच्या पुढं आमची वस्ती. तिथं फडे बांधतात, दोर वळतात. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्यानं, फडे बांधून. फडा शिंदीच्या पानांचा, आणि त्या पानाला टोकाशी काटा असतो. रविवारी तिच्या बोटांतले काटे सुईनं काढायचं काम माझं. ती हात पुढं करून बसायची आणि म्हणायची, "काढ रं बबड्या, तुझी नजर चांगली हाय."

ही चांगली नजर मी कुठं वापरली ते आता सांगतो.

सरकार वस्तू घेतं तेव्हा आधी त्या वस्तूचं वर्णन लिहितं. वस्तू कशी असावी, कशाची असावी. त्यात जो बसेल त्यानं भाव द्यावा. कागदावर सगळ्यांना दार उघडं. खरं दार त्या वर्णनात असतं, आणि ते बंद करायची किल्ली कारकुनाकडं. नानांनी मला जवळ बोलावलं. हळू आवाजात म्हणाले, "असं लिहा की आपला माणूस बसला पाहिजे. बाकीचे आपोआप गळाले पाहिजेत. नाव कुणाचं घ्यायचं नाही. नियम मोडायचा नाही."

नानांना ते जमलं नसतं. त्यांना फडा माहीत नव्हता. मला माहीत होता.

आमचे लोक मूठ शिंदीच्याच पट्टीनं बांधतात. पट्टी आधी पाण्यात भिजवायची, मग ओली असतानाच ओढून गुंडाळायची. वाळली की ती अशी आवळते की फडा झिजून संपतो पण मूठ सुटत नाही. पुरवठादार काय करायचा तेही मला ठाऊक होतं. आमच्याच वस्त्यांमधून पडत्या भावानं फडे उचलायचा आणि गोदामात यंत्रावर वरून प्लॅस्टिक चढवायचा. दिसायला चकचकीत. बाकी फडा तोच.

मी एक ओळ लिहिली. 'मूठ प्लॅस्टिकच्या पट्टीने यंत्रावर आवळलेली असावी.'

बस. एवढीच. त्या ओळीनं हातानं फडा बांधणारं प्रत्येक घर बाहेर गेलं. माझ्या घरासकट.

नानांनी ओळ वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि पहिल्यांदाच पाठीवर हात ठेवला. "घडलात तुम्ही."

मी घरी जाताना पेढे घेतले. बायकोनं विचारलं, कशाचे? म्हटलं, साहेब खूश आहेत.

ती वर्षं दुष्काळाची. आमच्या गावाला टँकरचं पाणी. विहिरीत पोरं क्रिकेट खेळायची. शेतात काम नाही म्हटल्यावर मजुरी नाही. इकडं शहर मात्र वाढत होतं. हर्सूलच्या पुढं माळावर प्लॉट पडत होते, नवी कार्यालयं, नवे दवाखाने, नव्या फरशा. फरशी आली की फडा आला. आणि नाल्याकाठची शिंदी दुष्काळातही मरत नाही. वस्तीतल्या बायकांनी हिशोब बरोबर बांधला होता. त्यांनी बचत गट केला, आणि आमच्याच कार्यालयात नमुना घेऊन आल्या. पुढं आत्या होती.

आत्याला वाटलं असणार, आपला पोरगा तिथं आहे.

डोक्यावर फड्यांचा भारा. हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी. भाकरी असणार, आणि माझ्यासाठी ठेचा. व्हरांड्यातनं तिनं मला पाहिलं. तोंड उजळलं. "बब..."

नाना माझ्या मागं उभे होते.

मी म्हणालो, "ओ बाई, नमुना त्या खिडकीत द्या. आत यायचं नाही."

ती थांबली. तिनं नानांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला वाटलं आता ही ओरडेल. ओरडायला पाहिजे होतं. तिनं फक्त पदर सारखा केला.

"व्हय साहेब."

मला वाचवायला तिनं मला साहेब केलं. तिला एका क्षणात सगळं कळलं होतं.

नानांनी तिचा फडा हातात घेतला, मूठ दाबून पाहिली. "बांधणी छान आहे हो. पण पट्टी नाही. लिहा, अपात्र."

आत्यामागची एक बाई पुढं आली. "अवो साहेब, झाडून तरी बघा की! पट्टीनं झाडता का काय तुम्ही?"

"बाई, नियम आहे."

"कुणी केला असला नियम? त्यानं घरात कधी फडा धरलाय का?"

शिपाई फिसकन हसला. मी मान खाली घालून लिहीत होतो. अपात्र. अक्षर माझं चांगलं आहे.

तेवढ्यात आत्या म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. साहेबांची लई घाई दिसती." तिनं तोच फडा घेतला, त्यांच्या भाऱ्यातनं व्हरांड्यात सांडलेला पाला झाडून एका कोपऱ्यात लावला, आणि भारा परत डोक्यावर घेतला. फडक्याचं गाठोडं तिच्या हातात तसंच होतं. ते तसंच परत गेलं.

नंतर सणाला गावी गेलो. मला वाटलं ती भांडेल. दारात खाटेवर ती पट्ट्या भिजवत बसली होती. टँकरचं पाणी. प्यायच्या पाण्यातला एक तांब्या बाजूला काढून त्यात पट्ट्या. मला पाहून उठली. "या साहेब. बसा." वस्तीतले हसले, त्यांना वाटलं कौतुक करती. मीही हसलो. हसायची सवय लागली होती.

तेव्हापासून तिनं मला बबड्या म्हटलेलं नाही.

वर्षं गेली. मला बढती मिळाली, हर्सूलला घर झालं. नाना निवृत्त झाले. मग खरेदीचे नियम बदलले. सगळं कॉम्प्युटरवर आलं. एकालाच बसेल असं वर्णन लिहायचं नाही, बचत गटांना आणि छोट्या उत्पादकांना अडवणाऱ्या अटी घालायच्या नाहीत, असं नव्या नियमांत स्पष्ट आलं. मी ते पान वाचलं. कुणीतरी माझ्याबद्दलच लिहिलं होतं.

नियमांबरोबर प्रशिक्षण आलं. तालुक्या-तालुक्यातले खरेदी पाहणारे कर्मचारी एका सभागृहात बसवले. मी आयोजनात. आणि शिकवायला बोलावलं कुणाला? अनुभवी म्हणून नानांना. केस पांढरे, आवाज तसाच मऊ.

"घाबरू नका," ते म्हणाले. "नियम बदललेत, खरेदी तीच आहे. नव्या नियमात राहून जुनं काम कसं करायचं, ते बघू."

लोक सैलावून हसले. वह्या उघडल्या.

जेवणानंतर प्रत्येकाला आपल्या कार्यालयातलं एखादं वर्णन वाचायला सांगितलं. वैजापूरकडची एक मुलगी उठली. नोकरीत नवीन. तिनं फड्याचं वर्णन वाचलं. '...मूठ प्लॅस्टिकच्या पट्टीने यंत्रावर आवळलेली असावी.'

माझी ओळ. शब्दाला शब्द. आम्ही नवीन मसुदा कधी लिहीत नाही. जुना पुढं ठेवून उतरवतो, शेजारच्या कार्यालयाचा मागवतो. तशी ती ओळ तालुक्याला गेली होती. मी विचारलं, आणखी कुणाकडं आहे? हात वर होत गेले. मला पुढं बघवेना. एवढ्या ठिकाणी एवढी वर्षं किती आत्या व्हरांड्यातनं परत गेल्या असतील.

ती मुलगी अजून उभीच होती. "सर, पण ही पट्टी कशाला लागते? झाडताना काय फरक पडतो?"

"खाली बस गं, पूर्वीपासून आहे ते," मागनं कुणीतरी म्हणालं.

नाना हसले आणि माइक माझ्याकडं केला. "यांना विचारा. यांच्या घरचाच विषय आहे."

तेच वाक्य. तोच मऊपणा. सभागृह हसायला लागलं, आणि माझंही तोंड सवयीनं हसायच्या बेतात आलं. ओठ ताणल्याचं मला जाणवलं. तिथं मी थांबलो.

माइक घेतला. म्हणालो, "होय. घरचा विषय आहे. आमच्या घरात फडे बांधतात. पट्टीनं काहीही फरक पडत नाही. हातानं बांधणारे बाहेर राहावेत म्हणून ती आहे. ती मी लिहिली."

हसू थांबलं. 

"माझ्या आत्यानं आणलेला फडा मी त्याच ओळीनं अपात्र केला. ती समोर उभी होती आणि मी तिला ओळख दिली नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. शाबासकी पाहिजे होती, ती मिळाली. आज पुन्हा तीच विद्या इथं शिकवली जाणार असेल, तर शिकवणाऱ्यांत मी नाही."

नाना जवळ आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अहो-जाहो सुटलं. "तुला मी घडवलं. चारचौघांत ही किंमत केलीस?"

"तुम्ही घडवलंत हे खरं आहे, नाना. म्हणूनच सांगतोय. तसलं आणखी कुणी घडवू नका."

ते शाल घेऊन निघून गेले. बरेच जण त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले. ती मुलगी तिथंच बसून होती. पेननं ती ओळ खोडत होती.

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं, ती ओळ सगळीकडून काढा, आणि ती का घातली होती तेही लिहिलं. सही केली. आता माझ्यावर चौकशी लागेल म्हणतात. लागू दे. सहकारी चहाला हाक मारत नाहीत. आमच्या कार्यालयाचं नवं वर्णन मी स्वतः लिहिलं. मूठ घट्ट असावी, कशानंही बांधलेली चालेल, रोज झाडणाऱ्या बायांनी वापरून पसंत करावा. यापुढं माझ्या टेबलावरून जाणाऱ्या प्रत्येक वर्णनात मी एकच शोधणार, इथं कुणाला दाराबाहेर ठेवलंय. सापडलं की खोडणार. नोकरी असेपर्यंत.

पण हे सगळं मी परक्यांसमोर बोललो. वस्तीवर बोललेलो नाही.

आत्या आहे. हात आता थरथरतात, तरी फडे बांधते. परवा फोनवर तिला म्हटलं, तुमच्या गटाला परत नमुना आणायला सांग. ती म्हणाली, "व्हय साहेब, सांगते."

ती येईल तेव्हा मला व्हरांड्यात जायचंय. सगळं ऑफिस बघत असताना भारा तिच्या डोक्यावरून उतरवायचाय आणि मोठ्यानं म्हणायचंय, ही माझी आत्या. एवढं माझ्याकडून देणं आहे. तिनं मला पुन्हा बबड्या म्हणावं, हे मागायचा हक्क मला नाही.