घाटात गाडी मागे घेताना

समस्त आप्तेष्टांस, आणि विशेषेकरून सिंगापुरात टॅम्पिनीसमधल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये भेटणाऱ्या सर्व शेजाऱ्यांस, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, स्पेनमध्ये भाड्याने घेतलेली ती मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, मी चालवली नाही. एक फूटसुद्धा नाही. फोटोत स्टिअरिंगला हात लावून जो गृहस्थ दिसतो तो मीच. पण त्या वेळी गाडी बंद होती आणि किल्ली बायकोच्या पर्समध्ये होती.

माझी कारकीर्द पुण्यात स्कूटरवर सुरू झाली आणि सिंगापूरच्या एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, स्थिरावली. चारचाकी मला येत नाही. बायकोने मात्र पंचेचाळिशी उलटल्यावर लायसन काढलं. गाडी मागे घेताना ती परीक्षेत दोनदा नापास झाली. नंतर पास झाली, तेव्हा परीक्षकाला शिंक आली होती म्हणून त्याने नीट पाहिलं नाही, असं तिचं आजही ठाम मत आहे.

मोटरहोमचं वेड तिचंच. ऑफिसला जाताना ती एमआरटीत उभ्याउभ्या त्याचेच व्हिडिओ बघायची. पण निघण्यापूर्वी तिने अट घातली.

"पुढे कुठेही नेईन. पण मागे घ्यायची वेळ आली की संपलं. तिथेच उभी करायची, कंपनीला फोन करायचा आणि उरलेली ट्रिप बसने."

मी हसलो. ती हसली नाही.

त्यामुळे आम्ही मुक्कामाची जागा एकाच गोष्टीवर ठरवायचो: सकाळी सरळ पुढे निघता येईल ना? नदीकाठची सावली सोडली, अक्रोडाच्या झाडाखालची सुंदर जागा सोडली, आणि मोकळ्या मैदानात, उन्हात, ऐटीत उभे राहिलो. तरी दिवस छान चालले होते. जूनची सुरुवात होती. पिवळ्या पडत चाललेल्या गव्हात लाल पॉपी फुललेल्या, प्रत्येक गावात चर्चच्या मनोऱ्यावर करकोच्याचं घरटं. सिंगापूरचा सूर्य सरकारी नोकर आहे, बाराही महिने सातला सुटतो. इथला रात्रीच्या जेवणानंतरही रेंगाळायचा. आम्ही दाराशी खुर्च्या टाकून आल्याचा चहा घ्यायचो. गाडी जरा कलती असली की थालीपीठ एका बाजूला जाड व्हायचं. ती बाजू माझी.

मग डोंगर आले. आमच्या सिंगापूरचा सर्वांत उंच डोंगर नाश्त्याआधी चढून उतरता येतो, त्यामुळे आम्ही दोघंही वर बघतच राहिलो. रस्ता अरुंद होत गेला. एका बाजूला पिवळ्या फुलांची झुडपं, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये आमचं पांढरं घर. बायको छान चालवत होती, गुणगुणतसुद्धा होती. आणि एका वळणापुढे समोरून ट्रॅक्टर उतरत आला. मागे गवताने शिगोशीग भरलेली ट्रॉली.

ट्रॅक्टरवाला माझ्याच वयाचा होता. त्याने शांतपणे आमच्या मागे बोट दाखवलं. वळणाच्या अलीकडे रस्ता जरा रुंद होता, ती जागा आम्ही नुकतीच मागे टाकली होती.

"काय म्हणतोय?" बायकोने विचारलं.

"आपल्याला बघून आनंद झाला म्हणतोय."

"अहो!"

"मागे घ्या म्हणतोय."

तिने इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला आणि फोन हातात घेतला. नंबर तिने आधीच काढून ठेवलेला होता. आमची ट्रिप त्या क्षणी संपत होती, हे मला कळलं.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. आधी तिच्या खिडकीत वाकला, मग वळसा घालून माझ्याकडे आला आणि हाताने स्टिअरिंग फिरवून दाखवलं. मी मान हलवून बायकोकडे बोट केलं. त्याने आम्हा दोघांकडे पाहिलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला: मी घेऊ?

"देऊन टाक," मी म्हणालो. "कुणी बघत नाहीये."

"तुम्ही बघताय ना! टॅम्पिनीसला जाऊन लिफ्टमध्ये सगळ्यांना सांगाल."

"सांगेनच."

तिने फोन ठेवला. "उतरा खाली. मागे उभे राहा."

मागचा कॅमेरा होता, पण त्यात पहिल्या दिवसापासून नुसतं धुकं दिसत होतं. वाऱ्यात माझा आवाज पोहोचेना. तेव्हा मी गाडीचा पत्रा वाजवायला घेतला. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही: एसटीच्या कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. मी दोन थापा मारल्या. घर हळूहळू मागे सरकू लागलं.

ट्रॅक्टरवाला दरीच्या बाजूला उभा राहिला. भला माणूस. बिचकलेल्या गाईला धीर द्यावा तशी त्याने पत्र्यावर प्रेमाने एक थाप मारली. गाडी गचकन थांबली.

"काय झालं? दरी आली का?" आतून किंकाळी.

"नाही गं! तो वाजवतोय!"

"त्याला सांगा, एक मारायची नाही!"

हे स्पॅनिशमध्ये कसं सांगणार? मी रस्त्यात उभा राहून सगळं नाटक करून दाखवलं: एक थाप आणि पुतळ्यासारखा स्तब्ध, दोन थापा आणि उलट्या पावली चालत सुटलो. त्याने गंभीरपणे पाहिलं, मान डोलावली आणि तळहात उघडून दोन सणसणीत थापा ठेवून दिल्या. जन्मजात कंडक्टर!

चाकं वळणावर कडेच्या खडीत गेली. तिने थांबून, स्टिअरिंग सरळ करून, थोडी पुढे घेऊन पुन्हा मागे घेतली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा, दोनदा, आणि आमचं घर त्या रुंद जागेत अलगद जाऊन बसलं. आम्ही दोघांनी दोन बाजूंनी एकेक थाप मारली.

खालून कुठूनतरी गाईंच्या घंटा ऐकू येत होत्या. ट्रॅक्टर आमच्या आरशाला गवत घासत शेजारून गेला. त्याने टोपी काढली ती तिच्यासाठी, माझ्याकडे बघितलंही नाही. "ग्रासियास", म्हणजे धन्यवाद, हा शब्द तिने पाठ करून ठेवला होता. ती खिडकीतून अर्धी बाहेर आली, लाल चेहऱ्याने, आणि सगळ्या दरीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली:

"अहो, त्यांना म्हणावं, परत वर जा आणि पुन्हा खाली या! मला अजून एकदा मागे घ्यायचीये!"