हवालदारांचा फायरवॉलवरचा पहारा

साताऱ्यात गोडोलीला राहणारे जालिंदर हवालदार, सगळ्यांचे आबा, म्हणजे भारीच कडक माणूस. फौजेतून पेन्शनीत येऊन बरीच वर्षं झाली, तरी दाराची कडी वाजली की ते आधी खिडकीतून बघायचे, मग "कोन हाय?" म्हणून दरडावायचे, आणि समोर ओळखीचा दिसत असला तरी त्यानं नाव सांगितल्याशिवाय दार उघडायचे नाहीत. सख्ख्या मेव्हण्याला, ज्योतिबाला, एकदा त्यांनी भर उन्हात अंगणात उभं ठेवलं. का, तर तो नुसतंच "मी हाय" म्हणाला. "मी म्हंजे कोन? समदेच मी असत्यात!" ज्योतिबा त्या घरी जेवायला जायचं म्हटलं की अजून कुरकुरतो.

तर असल्या माणसाच्या घरी नव्व्याण्णव सालच्या दिवाळीत कॉम्प्युटर आला. आला तो पोरापायी. प्रथमेश त्यांचा एकुलता एक. सांगलीला इंजिनिअर झाला. आबांचं म्हणणं, आता फौजेत अफसर हो. बाप हवालदार, आजा शिपाई, आता खांद्यावर स्टार लागू दे की! पोरानं मात्र अमेरिकेतल्या विद्यापीठाचा रस्ता धरला. झालं! आबांनी बोलणंच टाकलं. निघायच्या दिवशी पोरगं पायाला वाकलं, तर हे पेपरातलं डोकं वर काढीनात. पोवई नाक्यापर्यंतसुद्धा पोचवायला गेले नाहीत. आणि गाडी गेल्यावर दोन घास नीट जेवलेही नाहीत. आता सांगा, असल्या माणसाचं काय करायचं?

पुढं प्रथमेशनं आईला कळवलं की कॉम्प्युटर आणि फोन असला तर इंटरनेटवरून तासभर बोलता येतं. हे ऐकलं आणि आबा तडक मधुकर शहांच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. घरी येऊन बायकोला म्हणाले, "तुज्यासाठी घेतलाय. मला काय त्याचं?" चंद्राबाई तोंडाला पदर लावून हसल्या. माणूस कुणासाठी धडपडतोय ते त्यांना कळत नव्हतं होय!

मधुकरशेटनं कॉम्प्युटर जोडून दिला, आणि आबांचा स्वभाव ओळखून एक फायरवॉलही टाकून दिली. "आबा, हा तुमचा पहारेकरी. बाहेरून कुणी आत घुसायला लागला तर हा अडवणार आणि तुम्हाला सांगणार." आबांचा चेहरा फुलला. त्यात फायरवॉलनं पहिल्याच दिवशी विचारलं, बाहेरच्या माणसांना आत बोलायला येऊ द्यायचं का? आबांनी कसलाही विचार न करता 'नाही' दाबलं. बाहेरचा माणूस आणि आत? आपल्या घरात?

रविवारची सकाळ ठरली, तिकडं तेव्हा शनिवारची रात्र. आबा फोन लावून इंटरनेट जोडायचे. दर वेळी कॉम्प्युटरला नवा नंबर मिळायचा, तो इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत पोराला ईमेलनं धाडायचे, आणि खुर्चीत ताठ बसायचे. चंद्राबाई ठेवणीतलं लुगडं नेसून शेजारी. कानाला हेडफोन, तोंडापुढं माईक. आणि मग पडद्यावर चौकटी यायला लागायच्या. अमक्या नंबरावरून कुणीतरी आलं. अडवलं.

"आला! आडवला!" आबा मांडीवर थाप मारायचे. "आगं, आनिक एक! भले शाब्बास!"

"आवं, पन प्रथमेश कवा येनार?"

"येईल की. ह्ये गनीम हटले की येईल."

प्रथमेश काही आला नाही. पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चंद्राबाई नेसलेलं लुगडं घडी करून ठेवायच्या आणि मुकाट भाकऱ्या थापायला बसायच्या. मग एक दिवस ईमेल आली. आबांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचली. "आबा, मी दर रविवारी तासभर प्रयत्न करतो. तुम्ही घेतच नाही. तुमचा राग गेला नसेल तर तसं सांगा. या रविवारी शेवटचं बघतो, मग परत त्रास देणार नाही."

"खोटं बोलतंय बेनं!" आबा उसळले. "मी खुर्चीवरनं हाललो न्हाई, आन म्हनं घेत न्हाई!"

"त्यो कशाला खोटं बोलंल?" चंद्राबाईंचा आवाज चढला. लग्नापासून तो एवढा कधी चढला नव्हता. "तुमीच कायतरी केलं असंल. जाताना त्याच्याकडं बगितलं न्हाई, आता आवाज बी ऐकू द्याचा न्हाई व्हय मला?"

 आबांना ते फार लागलं. शनिवारी सकाळी त्यांनी फायरवॉलनं अडवलेल्यांची सगळी नोंद कागदावर छापून काढली आणि मधुकरशेटच्या काउंटरवर आदळली.

"ह्यातला कोनतरी माज्या पोराचा फोन मधल्या मधी तोडतोय. त्याला शोदून द्या. बाकीचं मी बगतो."

मधुकरशेट पोट धरून हसले असते, पण आबांच्या मिशा थरथरत होत्या. त्यांनी आधी चहा सांगितला. "आबा, तुम्हाला नवीन फोन मिळाला तेव्हा सुरुवातीला कुणाचे फोन यायचे?"

"पिटाच्या गिरनीचे. आदी त्यांचा नंबर हुता म्हनं. दळान झालं का म्हनून इचारायची लोकं."

"त्यांना तुम्ही चोर म्हणालात का? तसंच हे. इंटरनेट जोडलं की तुम्हाला कुणाचातरी वापरून सोडलेला नंबर मिळतो. त्याला शोधणारे तुमच्या दारात येतात. काही टवाळ पोरं असतात, गल्लीतली सगळी दारं ढकलत जातात, उघडं दिसलं तर आत. तुमचं बंद, गेली पुढं. अडवलं म्हणजे हल्ला झाला असं नव्हे हो, दार बंद होतं एवढंच."

आबांना ते पटलं, आणि जरा वाईटही वाटलं. एवढे गनीम हटवले, ते सगळे दळणवाले निघाले म्हणायचे. ते उगाच कागदावरून बोट फिरवत राहिले. फिरवता फिरवता बोट अडलं.

"ह्यो एक बगा. बाकीची येकदा येऊन गेली. ह्यो दर आयतवारी येतोय. सकाळचाच. पुन्ना पुन्ना त्याच दारात." आबांनी मान वर केली. "शेट, चोर आसं न्हाई करत. बंद दारात चोर तासभर हुबा न्हाई ऱ्हात. मी जल्मभर पहारा दिलाय. आसं घरातलंच मानूस हुबं ऱ्हातं."

मधुकरशेटनं कागद ओढून घेतला. ज्या प्रोग्रॅममधून पोराशी बोलायचं, त्याच्याच दारात तो आला होता. त्यांनी दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो नंबर शोधला. पडद्यावर प्रथमेशच्या विद्यापीठाचं नाव आलं.

चहा आला होता, तो तसाच राहिला. आबा स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आरं देवा! माज्या पोराला मीच आडवलं. आन वर शाब्बास म्हनलो."

मधुकरशेट घरी आले, त्या एका दाराला 'हो' करून गेले. काय झालं होतं ते आबांनी चंद्राबाईंना सांगितलं. त्या आधी कपाळावर हात मारून घेतात की काय असं वाटलं, पण त्यांना हसूच आवरेना. "ज्योतिबाला सांगते मी ह्ये, थांबा," म्हणाल्या.

रविवारी आबा खुर्चीत बसले, पण ताठ नाही. नंबर धाडला. चौकट आली ती वेगळीच. प्रथमेश बोलावतो आहे. आबांनी माऊस दोन हातांनी धरून दाबला. कानात खरखर झाली, आणि मग इतक्या लांबून, तुटक तुटक, "आबा?"

आबांनी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरला.

"आबा, ऐकू येतंय का? मला वाटलं, तुम्ही मला मुद्दाम अडवताय."

"मुद्दामच आडवत हुतो रं!" आबा माईकवर ओरडले. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "दर आयतवारी आडवत हुतो! पन त्यो तू हुतास, ह्ये मला कुटं ठावं हुतं!"

तिकडून प्रथमेश हसतोय की रडतोय हे त्या खरखरीत काही कळेना. तेवढ्यात चंद्राबाईंनी आबांच्या डोक्यावरून हेडफोन ओढून घेतला.