उलटा फ्लेक्स

तुमच्या गल्लीच्या तोंडाला वाढदिवसाचा फ्लेक्स लागतो, तेव्हा तो बांधतं कोण, हे तुम्ही कधी पाहिलंय का? फोटोतल्या माणसाला आपण सगळे ओळखतो. शिडीवरच्या माणसाला कुणी ओळखत नाही. मी त्या शिडीवरच्या माणसाबद्दल लिहिते आहे.

आम्ही त्यांना चाचा म्हणतो. फ्लेक्स हातात आला की आधी त्याचा कोपरा अंगठ्याखाली चोळणार, आणि मगच फोटोकडे बघणार. "माणूस जाड हाय, फ्लेक्स पातळ हाय," असं म्हणाले की समजायचं, हा दोन दिवसांत फाटणार.

वाढदिवस सरला की तोच फ्लेक्स उतरवायलाही चाचाच. उतरवलेला फ्लेक्स कुणी परत मागत नाही. चाचा तो गुंडाळून सायकलवर टाकायचे आणि आमच्या भागातल्या बागेत आणायचे, कारण तेव्हा त्या बागेत कोल्हापूरची पहिली हिप-हॉपवाली पोरं डोक्यावर गरगर फिरायला शिकत होती आणि खडीमातीत डोकी सोलून घेत होती. चाचांनी फ्लेक्स उलटा अंथरला. गुळगुळीत पांढरी बाजू वर, नेत्याचं तोंड खाली. आपल्या शहराच्या हिप-हॉपची पहिली फरशी ती. त्या पोरांतला एक जण आज रिक्षा चालवतो, एक जण शाळेत गणित शिकवतो. पण कुठल्या नेत्याच्या पाठीवर कोण काय शिकलं, हे दोघांनाही तोंडपाठ आहे.

चाचांना ते नाचणं म्हणजे कुस्तीच वाटायची. एखाद्यानं एका हातावर सगळं अंग तोललं की शेजारच्याला कोपरानं ढोसून म्हणायचे, "जोड न्हाय समोर, तरी लढतंय बघा." रॅप मात्र आपल्याला कळत नाही, असं सांगायचे. मग एकदा एका मुलीनं तीन दिवस पाणी न आलेल्या नळावर रॅप म्हटला. चाचांनी तो शेवटपर्यंत उभं राहून ऐकला आणि गंभीरपणे म्हणाले, "ह्ये समदं कळलं की."

दर हिवाळ्यात एका रविवारी, त्याच बागेत, या जुन्या-नव्या पोरांचा सण भरतो. तिकीट नाही, पास नाही, पाहुण्यांच्या खुर्च्या नाहीत. फिरायला आलेल्या आजी, हलगीवाले, शाळकरी मुली, सगळे एकाच गोलात. सण भरवणारे आम्ही पत्रकावर दरवर्षी एक ओळ मोठी छापतो: हा सण कुणा एकाचा नाही, म्हणून सगळ्यांचा.

गेल्या वर्षी सणाच्या सकाळी चार कार्यकर्ते नवाकोरा फ्लेक्स घेऊन आले. वर त्यांच्या नेत्याचा, साहेबांचा हसरा फोटो, खाली अक्षरं: साहेबांच्या वाढदिवसानिमित्त भव्य हिप-हॉप महोत्सव. तो गोलाच्या मागे बांधायचा, असं ठरवूनच आले होते. आणि बांधायला बोलावलं होतं चाचांना, कारण साहेबांच्या चारही वॉर्डांतलं फ्लेक्सचं काम चाचांकडेच होतं. फ्लेक्स लागला असता तर सण साहेबांचा झाला असता. चाचा नाही म्हणाले असते तर त्यांचं काम गेलं असतं. मी भांडायला उतरले. पत्रकातली होती नव्हती ती सगळी वाक्यं त्या चौघांवर फेकली. एकही लागलं नाही.

चाचांनी कोपरा चोळून बघितला. "झकास हाय," म्हणाले. मग झाडांकडे बघून त्यांनी सांगितलं, की खिळा ठोकणं बरं नाही, आणि नुसता बांधला तर वाऱ्यानं साहेबांच्या गालावर चीर जाईल. एवढं बोलून ते गोलाच्या मधोमध गेले आणि फ्लेक्स जमिनीवर उलगडू लागले.

"ओ चाचा, हे काय चाललंय?" एक कार्यकर्ता धावला.

"पोरांस्नी अंथरतोय की. साहेबांचा वाढदिवस, पोरांच्या कामाला येऊ दे. फकस्त सांगा पावणं, तोंड वर ठेवू का खाली?"

वर ठेवलं तर साहेबांवर पाय, खाली ठेवलं तर साहेब मातीत. चौघांपैकी एकानं विचारायला फोन काढला. पण साहेबांना हे विचारायचं कसं, हे न सुचून परत खिशात घातला. गोलात कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग अख्खी बाग हसत सुटली. चौघांतला सगळ्यात धाकटाही हसला. फ्लेक्स गुंडाळून ते निघून गेले. त्या दिवशी पोरं अशी नाचली, की फरशी आहे की माती हे कुणी विचारलंच नाही. चाचा पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते.

पुढच्याच आठवड्यात चारही वॉर्डांचं काम दुसऱ्याला गेलं. मी त्यांच्या घरी गेले. चाचाच म्हणाले, "काम नेलं, शिडी न्हाय नेली त्यांनी."

ती शिडी सायकलला बांधून ते आता शहराच्या कडेला, कळंब्याकडे फिरतात. कुणाच्या पत्र्यावर ताडपत्री बांधतात, कुणाच्या दारात मांडव घालतात. जे काम मिळेल ते, मिळेल त्या दिवशी. म्हणून यंदा ते सणाला आले नाहीत. कुणाच्या तरी बारशाचा मांडव होता. पहिल्या रांगेतली त्यांची जागा पोरांनी संध्याकाळपर्यंत कुणाला घेऊ दिली नाही.

तेव्हा एवढं करा. ताडपत्री असो, मांडव असो, जे बांधायचं ते चाचांना सांगा, वर्षभर सांगा. फक्त पुढच्या हिवाळ्यात आमचं पत्रक हातात पडलं, की त्यावरचा रविवार नीट बघा आणि त्या दिवशी त्यांना बोलावू नका. तुमचा मांडव शनिवारीच घालून घ्या.